लक्षद्वीपला जा, पण हेकरूला हात लावू नका

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मासेमारीच्या सुट्टीला माझा अजिबात विरोध नाही. हातात दोरी धरून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणं हा माणसाने शोधून काढलेल्या थोर उद्योगांपैकी एक आहे, आणि आठवड्याचे पाच दिवस स्क्रीनकडे बघत बसणाऱ्या आपल्या जमातीला तर त्याची फारच गरज आहे. माझं भांडण आहे ते त्या सुट्टीच्या प्लॅनिंगशी.

सध्या माझ्या ओळखीतल्या निदान तीन ग्रुप्समध्ये लक्षद्वीपचा बेत शिजतोय. त्यातल्या एकाची एक्सेल शीट फिरत फिरत माझ्याकडेही आली. शीट देखणी आहे, त्यात वाद नाही. कोण कुठल्या फ्लाइटने, कोणाची रजा मंजूर, कोणाची ‘इन प्रोसेस’, परमिटला कोणते कागद लागतात, सनस्क्रीन कोण आणणार, सगळं रंगीत रकान्यांत. मग येतो मुख्य भाग. दुसरा दिवस : रीफ फिशिंग, टार्गेट ग्रूपर, मिनिमम पाच किलो. तिसरा दिवस : नाइट फिशिंग, टार्गेट रेड स्नॅपर. चौथा दिवस : बार्बेक्यू आणि फोटो. तळाशी टीप : ‘जास्त मिळाले तर कॅच अँड रिलीज.’ अरे वा! टार्गेट, डेडलाइन आणि वर रिस्क मिटिगेशनसुद्धा! अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आणि यात फरक एवढाच, की इथे आपलं टार्गेट पूर्ण व्हावं म्हणून मरायचं काम दुसऱ्याने करायचंय.

या शीटमध्ये एक रकाना मात्र नाही. आपण जिथे जाणार ते बेट नेमकं कशावर उभं आहे? आजचा लेख त्या रकान्यासाठी.

लक्षद्वीप अचानक सगळ्यांना का आठवलं ते आपल्याला माहीत आहेच. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे तिथल्या किनाऱ्यावरचे फोटो आले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाह्यात शेरे मारले, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे ‘मालदीववर बहिष्कार, चलो लक्षद्वीप’ अशी लाट आली. फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात लक्षद्वीपच्या पर्यटनाचा खास उल्लेख झाला. त्याआधी वर्षभर, २०२३ च्या जानेवारीत, सुहेली आणि कडमत या बेटांवर दोन आलिशान रिसॉर्ट्सची घोषणा होऊन गेली होती. देशप्रेम वगैरे ठीक आहे, पण आपण इंजिनियर आहोत, जरा लोड किती येणार ते बघू. २०२३ साली दोन लाखांहून जास्त भारतीय मालदीवला गेले होते. मालदीवमध्ये हजारावर बेटं आहेत. लक्षद्वीपमध्ये आहेत ३६, त्यातली वस्ती असलेली १०. सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपलं पुणं याच्या निदान पंधरापट आहे. या ३२ चौरस किलोमीटरमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६४,४७३ माणसं राहतात. म्हणजे आधीच दर चौरस किलोमीटरला दोन हजार. ‘चलो’ म्हणायच्या आधी कॅपॅसिटी प्लॅनिंग करतात ना, का ते फक्त क्लायंटसाठी?

आता ते बेट कशावर उभं आहे. लक्षद्वीपची बेटं डोंगराची टोकं नाहीत, अंदमानसारखी तर नाहीतच. ती आहेत प्रवाळाच्या कड्यावर साचलेली वाळू, समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. वाळूसुद्धा प्रवाळाचाच चुरा. त्यातली बरीचशी माशांनी केलेली, हे ऐकून मला पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं. पोपटमासा, म्हणजे पॅरटफिश, आपल्या चोचीने मेलेलं प्रवाळ आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. फोटोत जिच्यावर आपण पाय पसरून बसतो ती ही. बेटाच्या कडेने प्रवाळाची भिंत असते, ती मोठ्या लाटा बाहेरच मोडते. भिंत आणि बेट यांच्यामध्ये उथळ, हिरवंनिळं पाणी असतं, ते लगून. जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं, विहिरींना येतं ते एवढंच. थोडक्यात, प्रवाळ जिवंत आहे तोवर बेट आहे.

आणि प्रवाळ आजारी आहे. १९९८ साली एल निनोच्या वर्षात समुद्र तापला आणि इथलं प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं. मग २०१० ला पुन्हा, २०१६ ला पुन्हा, २०२४ ला पुन्हा. दोन तापांच्या मध्ये सावरायला जेवढी वर्षं मिळतात तेवढंच काय ते. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून इथल्या रीफवर लक्ष ठेवून आहेत. त्यांच्या कामातून दिसलेली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९९८ च्या तडाख्यानंतर इथली काही रीफ्स अपेक्षेपेक्षा चांगली सावरली, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे तिथले मासे शाबूत होते. प्रवाळ मेलं की त्यावर शेवाळ माजतं. शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील तर जागा साफ राहते आणि नवं प्रवाळ रुजतं. मासे नसतील तर शेवाळाचं राज्य. इतकं सोपं गणित आहे.

मग मासे शाबूत का होते? बेटावर तर मासे खाल्ल्याशिवाय दिवस जात नाही. उत्तर एका शब्दात : कुपा.

कुपा म्हणजे ट्यूना. आपल्याकडे कोकणात त्याला कोणी फारसं विचारत नाही. रक्ताळ मास, जरा उग्र वास, पापलेट-सुरमईपुढे गरीब नातेवाईक. पण लक्षद्वीपची अख्खी मासेमारी त्याच्यावर उभी आहे, आणि पकडायची रीत बघण्यासारखी आहे. पहाटे लगूनमध्ये बारीक जाळ्याने चिमुकले मासे पकडतात आणि बोटीच्याच पोटात, पाणी खेळतं राहील अशा टाकीत जिवंत ठेवतात. मग भिंतीबाहेर खोल समुद्रात जायचं. पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालताना दिसला की समजायचं, खाली कुप्याची झुंड आहे. जिवंत आमिष पाण्यात उधळायचं, वरून पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे माशांना बोट आणि गळ नीट दिसत नाही. आणि बोटीच्या मागच्या फळीवर ओळीने उभी असलेली माणसं काठीला बांधलेला गळ टाकतात, मासा लागला की मागे भिरकावतात, पुन्हा टाकतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा डेकवर आपटताच आपोआप सुटतो. एक गळ, एक माणूस, एका वेळी एक मासा. जाळं नाही, त्यामुळे कासव, डॉल्फिन, नको असलेले मासे असा उकिरडा जवळजवळ नाहीच.

ही विद्या मूळची मिनिकॉयची. दक्षिण टोकाचं हे बेट मालदीवच्या शेजारात, भाषाही तीच. तिथे तिला महल म्हणतात. आणि मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ही भाषा आपल्याच कुळातली, इंडो-आर्यन. त्यांच्याकडे माशाला म्हणतात ‘मास’! कुपा उकडून, धुरावर आणि उन्हात वाळवून जो लाकडासारखा कडक करतात तो ‘मासमीन’. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला होता, त्यानेसुद्धा या वाळवलेल्या माशाच्या व्यापाराबद्दल लिहून ठेवलंय. १९६० च्या दशकात यांत्रिक बोटी आल्या आणि ही पद्धत मिनिकॉयहून बाकीच्या बेटांवर पसरली. खायला आणि विकायलाही बाहेरच्या समुद्रातला कुपा होता. म्हणून रीफवरचे मासे वाचले. पावसाळ्यात मोठ्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या की लोक लगूनमध्ये थोडंफार गळ टाकतात, पण ते घरच्या कालवणापुरतं.

आता गंमत बघा. कुपा पकडायला लागतं जिवंत आमिष. ते मिळतं लगूनमध्ये. ते जगतं प्रवाळाच्या आसऱ्याने. म्हणजे रीफ गेली तर आमिष गेलं, आमिष गेलं तर कुपा गेला, आणि कुपा गेला की बेटावरच्या माणसाने मासे पकडायचे कुठे? उरलेल्या रीफवर. ज्यांनी सॉफ्टवेअरमध्ये कॅस्केडिंग फेल्युअर बघितलंय त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

आणि या साखळीत आपण काय करायला निघालोय? ‘टार्गेट ग्रूपर, मिनिमम पाच किलो.’

ग्रूपर म्हणजे आपला हेकरू. हॉटेलात ‘हमूर’ नावाने येतो तोही याच घराण्यातला. हा मासा म्हणजे कुप्याच्या बरोबर उलटा प्राणी. स्किपजॅक कुपा वर्षा-दीड वर्षात वयात येतो आणि उष्ण समुद्रात वर्षभर अंडी घालतो. हेकरू सावकाश वाढतो आणि एकाच खडकाच्या आसपास आयुष्य काढतो. त्याच्या बऱ्याच जातींमध्ये मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे फोटोसाठी निवडून निवडून सगळ्यात मोठा उचलायचा याचा अर्थ नरच नर उचलायचे. शिवाय विणीच्या वेळी हे मासे चंद्राच्या तिथीप्रमाणे ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी गोळा होतात. लक्षद्वीपमध्ये बित्रा बेटाजवळ अशा एका जत्रेचा संशोधकांनी अभ्यास केलाय. अशी जागा एकदा माहीत झाली की चार दिवसांत वर्षांची पुंजी उपसता येते. मालदीवने हे भोगलंय. १९९० च्या दशकात तिथे हेकरूची निर्यात वाढली आणि पुढे मासे कमी व्हायला लागले, तेव्हा आकाराच्या मर्यादा आणि विणीच्या जागांना संरक्षण आणावं लागलं. त्याच मालदीवने २०१० मध्ये शार्क पकडण्यावर सरसकट बंदी घातली. जिवंत शार्क बघायला येणारा माणूस पुन्हा पुन्हा पैसे देतो, मेलेला शार्क एकदाच, हा साधा हिशेब त्यांना कळला. ज्यांच्यावर बहिष्कार घालायला निघालो होतो त्यांच्याकडून एवढं तरी शिकू!

आता नेहमीचे मुद्दे. हे लिहिणार म्हटल्यावर मित्रांनी आधीच मेलवर पाठवलेत, त्यामुळे इथेच उत्तरं देतो.

‘आम्ही आठ जण, आमच्याने काय फरक पडतो?’ समजा सीझनमध्ये आठवड्याला असे दहा ग्रुप आले, प्रत्येकाने फक्त पाच मोठे हेकरू काढले आणि सीझन तीस आठवड्यांचा धरला. दीड हजार मोठे मासे. हा आकडा माझा काल्पनिक आहे, पण गुणाकार खरा आहे. आणि ‘एकट्या माझ्याने काय होतंय’ हे वाक्य हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या प्रत्येक गाडीतला माणूस म्हणत असतो, हे विसरू नका.

‘कॅच अँड रिलीज करू की!’ हा सगळ्यात लाडका मुद्दा. मित्रांनो, रिलीज म्हणजे रोलबॅक नव्हे. तीस मीटर खोलीवर दाब असतो चार अ‍ॅटमॉस्फिअर. तिथून हेकरूला झटकन वर ओढलात की त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा चौपट फुगायला बघते. अकरावीचा बॉइलचा नियम, परीक्षेला आला होता. डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. तुम्ही फोटो काढता, माशाच्या पाठीवर हात फिरवता, मोठ्या मनाने सोडता, आणि तो पृष्ठभागावर फुग्यासारखा तरंगत राहतो, कोणीतरी येऊन खाईपर्यंत. माशाला परत खोल नेऊन सोडायची साधनं मिळतात. तुमच्या शीटमध्ये आहेत का? नाहीत. हां, वरच्या पाण्यातल्या जायंट ट्रेव्हॅलीसारख्या माशाला हा त्रास होत नाही. उलटा काटा नसलेला एकच गळ वापरला, पाण्याबाहेर न काढताच सोडला, तर तो जगण्याची शक्यता चांगली असते. ज्यांना तो खेळ मनापासून येतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तळाचे मासे वर ओढून ‘रिलीज केले’ म्हणणं ही स्वतःची समजूत घालणं आहे.

‘बेटावरच्या लोकांना रोजगार मिळतो, तुझ्या पोटात का दुखतं?’ हा मुद्दा खरा आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेटावर नोकऱ्या थोड्या, नारळ आणि मासे सोडले तर फार काही नाही, आणि पुण्यात बसून कोणाला ‘तुम्ही गरीबच राहा, तुमची रीफ सुंदर आहे’ असं सांगायचा मला काडीचा अधिकार नाही. पण म्हणून तर म्हणतोय, पैसे द्या, भरपूर द्या, फक्त कशासाठी देता ते बघा. जेवायला बसल्यावर ‘ट्यूना नको, दुसरं काय आहे?’ असं आपण विचारतो, तेव्हा ती ऑर्डर रीफवर जाते. उद्या बोटवाल्याला कुप्यापेक्षा हेकरूचे जास्त पैसे मिळायला लागले तर तो हेकरूच आणणार, त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. बाजार आपण बनवतो. दोष त्याच्या माथी मारू नये.

‘तू स्वतः मासे खातोस ना?’ खातो. चवीने खातो. म्हणूनच बोलतोय. आपल्या किनाऱ्यावर काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि पापलेट कमी होत चाललंय ही काळजी त्यामागे होती. मानाचा फेटा बांधायची वेळ येते तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. आपल्या कोळीवाड्यांना समुद्राला उसंत द्यायची हे कोणी शिकवावं लागलं नाही. पावसात होड्या वर, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, मग होड्या पाण्यात. आता सरकारी बंदीही असते, १ जून ते ३१ जुलै. नियम मोडणारे मोडतात, पण निदान नियम काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आपण मात्र दुसऱ्याच्या दर्यावर जातो तेव्हा आपल्या रजेच्या बॅलन्सशिवाय दुसरं पंचांग आपल्याला ठाऊक नसतं.

बरं, नुसत्या शिव्या घालून थांबणं बरोबर नाही. तर ही घ्या माझी शीट.

एक, तारखा समुद्राला विचारून ठरवा. नैऋत्य मान्सूनमध्ये, म्हणजे ढोबळमानाने मे अखेर ते सप्टेंबर मध्य, तिथला समुद्र खवळलेला असतो. कुप्याचा हंगाम ऑक्टोबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत. बेटावर जायला परमिट लागतं, ते आधी हातात घ्या, मग रजा टाका. एकदा तरी कोचीहून जहाजाने जा. बेटं किती दूर आहेत, तांदळापासून डिझेलपर्यंत सगळं कसं येतं, ते विमानातून कळत नाही. आणि एक आगाऊ सूचना : बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. ‘फिशिंग आणि बिअर’ असा ज्यांचा बेत असेल त्यांचा अर्धा बेत इथेच संपला :)

दोन, टार्गेटच्या रकान्यातून ग्रूपर आणि स्नॅपर खोडा, कुपा लिहा. स्थानिक बोटवाल्याला विचारा, काठीची मासेमारी बघायला नेता का? नेलं तर जा, त्याच्या एका दिवसाचे पैसे घासाघीस न करता द्या, कोपऱ्यात बसा आणि त्यांच्या पायात येऊ नका. हातात काठी दिली तर उत्तम. दहा मिनिटांत खांदे बोलायला लागतील. जिमची मेंबरशिप कशी वाया जातेय तेही कळेल.

तीन, ताटात जे येईल ते खा. कुप्याचं कालवण, नारळ घातलेला कुपा, मासमीन. पापलेट मागू नका. ते आपल्या चिखलाच्या तळाचं गिऱ्हाईक, प्रवाळात भेटत नाही. पॅरटफिश मागू नका, तो वाळूचा कारखाना आहे. येताना मासमीन विकत आणा. वजनाला हलकं, टिकायला पक्कं, आणि पैसा थेट तिथल्या घरात जातो.

चार, लगूनमध्ये गळ न टाकता तोंडाला मास्क लावून उतरा आणि हेकरू त्याच्या दारात बसलेला बघा. प्रवाळावर उभं राहू नका. तुकडा उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

एवढं केलं तर फोटोत पाच किलोचा मासा नसेल, हे मान्य. ऑफिसात दाखवायला काही नसेल. पण आपण तिथे चार दिवसांचे पाहुणे आहोत. आपलं तिकीट रिटर्नचं असतं. रीफ बिघडली तर आपण पुढच्या वर्षी दुसरं बेट शोधू, व्हिएतनाम, फिलिपिन्स, जिथे डिस्काउंट असेल तिथे. त्या चौसष्ट हजार माणसांना मात्र दुसरं बेट नाही. ज्याच्या घराच्या भिंतीतला दगड आपण गंमत म्हणून काढतोय, त्याला निदान आधी विचारावं, एवढी साधी रीत आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवलेली आहे. ती रजेवर असतानाही लागू होते.